तळ्याकाठची पाटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून माझी साधी सर्दी लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका फक्त.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सेक्रेटरी. मिरवायची हौस दांडगी. त्या वर्षी गणपतीच्या विसर्जनासाठी फरीदाबादच्या पुढचं, यमुनेकाठचं एक रिसॉर्ट मी हट्टाने मंजूर करून घेतलं. निम्मं मंडळ नको म्हणत होतं. तळ्याकाठी पाण्याचा मोठा ड्रम, मूर्ती त्यात, मग जेवण—सगळी आखणी माझी.

सकाळी मी एकटाच पुढे गेलो. तळ्याच्या पायऱ्यांपाशी पत्र्याची पाटी रोवलेली होती. पाण्याजवळ जाऊ नये, मगर आहे. रामपाल नावाच्या म्हाताऱ्या चौकीदाराने ती नुकतीच लावली होती. मगर पुराबरोबर नदीतून आली असावी, आपण दोनदा पाहिली, असं त्याने सांगितलं. वर हात जोडले. "साहब, सबको बोल देना."

मी बोललो नाही. बस निघाली होती. मगर म्हटल्यावर कोण खाली उतरणार होतं? आणि वर्षभर टोमणे कुणी खायचे? रामपाल गेटकडे वळला तशी मी पाटी उपटली, झुडपात टाकली—आणि तिथेच आरतीचा चौरंग मांडला.

एवढंच केलं असतं तर—नाही. तेवढंही पुरेसं होतं.

विसर्जन ड्रममध्ये झालं. पण पाटावर घरी न्यायला मूठभर वाळू लागते, ती ड्रममध्ये कुठून येणार? शेजारच्या शोभाताईंनी विचारलं, कुंडीतली माती चालेल का? चालली असती हो. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"छे, पाण्याकाठचीच हवी," मी म्हणालो. "दोन पावलांवर तर आहे."

तेव्हा मला मगर आठवली नव्हती का? आठवली होती. दोन पावलांत काय होतंय, असं वाटलं.

त्या पायऱ्या उतरून पाण्याशी वाकल्या. मी प्रसाद वाटत होतो. किंकाळी ऐकून चौघे धावले, त्यांना ओढून काढलं. उजवा हात—कोपरापासून गेला.

मॅनेजरने रामपालला धरलं. तो रडत सांगत होता, पाटी मी लावली होती, साहेबांना बजावलंही होतं. सगळे माझ्याकडे वळले.

"मैं सुबह से यहीं हूँ," मी म्हणालो. "कोई बोर्ड नहीं था. किसीने कुछ नहीं बताया."

त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. पुढे त्याचं काय झालं, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं, असं म्हणू का? खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

शोभाताईंचा हात मीच उपरण्याने बांधला, मीच त्यांना इस्पितळात नेलं. त्यामुळे मी त्यांचा जीव वाचवला असं सगळे मानतात. त्याही मानतात. तेव्हापासून दर भाऊबीजेला त्या मला घरी बोलावतात.

"डावा हात आहे दादा, राग मानू नका," म्हणतात.

मी पाटावर बसतो आणि ओवाळून घेतो.