बाबा जाळं सांधायचे

मंडळी, आज वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते. मी जयगडजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. सहावीला विचारलं, "वेगवेगळ्या गोष्टी एक करायच्या, तर त्याला कोणकोणते शब्द आहेत?"

जोडणे, शिवणे, गुंफणे, अशी उत्तरं येत होती. मग मानसी उठली. गणपतीनंतर होडी घेऊन समुद्रात गेलेले तिचे बाबा अजून परतलेले नाहीत. घरचे रोज बंदरावर जाऊन वाट बघतात.

"बाई, सांधणे," ती म्हणाली. "बाबा फाटलेलं जाळं सांधायचे."

कालपर्यंत ती 'बाबा करतात', 'बाबा येतील' असंच बोलायची. आज पहिल्यांदा 'सांधायचे' म्हणाली आणि शांतपणे खाली बसली.

मी फळ्यावर शब्द लिहिला आणि मुलांकडे पाठ करून तशीच उभी राहिले. तुम्ही तिला काय म्हणाला असतात?