मामाची तबकडी

परवा फोनवर एक नवं ॲप उघडलं, तर आधी पाटीच आली: तुमच्या फोनची आवृत्ती जुनी आहे, हे नीट चालणार नाही. घरातले वैतागले. मी मात्र त्या पाटीला मनातून नमस्कार केला. एवढं एक वाक्य चिखलीच्या एका दुकानदाराने वेळेवर सांगितलं असतं, तर माझ्या आईचा भाऊ दुसऱ्यांदा गेला नसता.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. आम्ही अमडापूरजवळच्या एका खेड्यात राहायचो. मामा गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचा. मुंबईला त्याच्या दोन गाण्यांची तबकडी निघाली आणि ती आमच्याकडे पोचायच्या आत तो तापाने गेला. आईला त्याचा आवाज ऐकायचा होता. बाबा चिखलीला गेले. दुकानात एकच तबकडी उरली होती.

"आमच्याकडं चावीचा बाजा हाय. त्याच्यावर वाजन ना?" बाबांनी विचारलं.

"काऊन नाही वाजणार? तबकडी ते तबकडी," दुकानदार म्हणाला, आणि वर पिनांची नवी डबीही गळ्यात मारली.

ती तबकडी नव्या जातीची होती. विजेच्या यंत्रावर, बारीक पिनेखाली, हळू फिरायची. आमचा बाजा म्हणजे चावी देऊन चालवायचा जुना ग्रामोफोन, भरधाव फिरणारा, त्याची पिन जाड पोलादी. पाकिटाच्या मागे हे सगळं इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेलं होतं. आमच्या वस्तीत इंग्रजी कुणाला येत होतं? दुकानदाराला येत होतं. त्याच्या दुकानाची पाटीच इंग्रजीत होती.

सगळी वस्ती अंगणात जमली. मानाच्या गाण्याला कोरी पिन लावायची, अशी आमची रीत. बाबांनी कोरी पिन लावली. मामाचा आवाज लहान पोरासारखा चिरका, धावत आला. कुणीतरी हसलं. बाबांनी फिरत्या तबकडीच्या कडेला बोट टेकवून तिला हळू केलं, तेव्हा क्षणभर खरा आवाज निघाला.

"हाव, दादाच हाय," आई म्हणाली.

मग पुन्हा लावा, पुन्हा लावा. दर वेळी कोरी पिन, मानाने. प्रत्येक पिन आणखी खोल ओरखडत गेली. संध्याकाळपर्यंत नुसती खरखर उरली. आम्हीच आमच्या हातांनी, आदराने त्याला पुसून टाकलं. याचाच मला अजून संताप येतो.

पुढच्या बाजाराला आई स्वतः दुकानात गेली. मी सोबत होते.

"मागे लिहिलेलं आहे ना," दुकानदार म्हणाला.

"मले वाचता येते का? तुमाले येते. मंग सांगतलं काऊन नाही?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तबकडीची दुसरी बाजू आम्ही लावलीच नव्हती, म्हणून ती तेवढी वाचली होती. आईने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. पुढे मला नोकरी लागली. मी खोदून खोदून चौकशी करून विजेचं यंत्र आणलं, आणि ते दुसरं गाणं लावलं. मामाचा आवाज त्याच्या स्वतःच्या चालीने घरात घुमला. आईने डोळे मिटले. दोनच ओळी झाल्या असतील.

"बंद कर माय. तबकडी झिजून जाईन."

"आई, हे यंत्र याच तबकडीसाठी आहे. काही होत नाही."

"त्या दुकानदारानंही असंच सांगतलं होतं."

त्यानंतर आई पुष्कळदा ते गाणं लावायला सांगायची, आणि दोन ओळी झाल्या की थांबवायची. त्याचं शेवटचं कडवं तिने कधीच ऐकलं नाही.