सिदूअण्णांची गाठ

सिदूअण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघायचेच नाहीत, मीटरकडे बघायचे. चपला दाराबाहेर, एक पाय उंबऱ्याच्या आत, मान वर, आणि मग समाधानाने म्हणायचे, "बरं हाय की!" हे मीटरला असायचं. गल्लीत नव्याने आलेल्या सुना हमखास फसायच्या. "हो, बरंय, बसा ना," असं म्हणून मोकळ्या व्हायच्या, आणि आत स्वयंपाकघरातून सासू ओरडायची, "अगं, तुला नाही विचारलं!"

सिद्धाराम मल्लप्पा हे त्यांचं पूर्ण नाव. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहायचे. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि शेजारच्या लक्ष्मक्काशी भांडायचं असेल तर तिचं तेलुगू. धंदा वायरमनचा, रीतसर परवाना असलेला. खांद्याला पिशवी आणि काखेत एक लाकडी पाट. जेवायला बसतात ना, तसला पाट. त्या पाटावर उभं राहिल्याशिवाय ते बोर्डाला हात लावायचे नाहीत. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "अण्णा, पंगत कुठं आहे?" तर म्हणाले, "ताई, पाट इसरला की माजीच पंगत बसंल. तेराव्याची."

कामाआधी चहा घ्यायचे नाहीत, पाणीही नाही. "हात वला नको." काम झालं की मात्र चहा हवा, सोबत भाकरी आणि शेंगाची चटणी मिळाली तर फारच उत्तम. आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं? गाठीवरून. सगळ्या वायरी सरळ केल्या, की तांब्याच्या उरलेल्या तारेचा एक तुकडा घेऊन ते त्या जुडग्याला गाठ मारायचे. दोन वेढे, एक उलटा पीळ, आणि टोक आत दडवलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. त्या गाठीची काही गरज नसायची, हे तेही कबूल करायचे. पण ती मारल्याशिवाय त्यांचा हात बोर्डावरून निघायचा नाही. आमच्या गल्लीत एक घर असं नव्हतं की जिथे मीटरखाली ती गाठ नाही. निघताना "जातो" म्हणायचे नाहीत. "बर्तीनि" म्हणायचे. कानडीत 'येतो'.

मीटर हळू फिरवून देणारे त्या वेळी शहरात होते, आजही असतील. अण्णांकडेही लोक यायचे, गोड बोलायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मीटर कंपनीचा, वायर तुमची, आन् शॉक सगळ्यांचा. बिडो!" म्हणजे सोडून दे. तरीही कुणी रेटलं, तर ते पाट उचलून चालू लागायचे.

अशा माणसाने आमच्या घरचा मीटर स्वतःच्या हाताने बदलला. कंपनीला न विचारता.

माझ्या आईला दमा होता. शेवटी शेवटी फुप्फुसं इतकी थकली, की हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र घरात आणावं लागलं. नाकाला नळी, आणि ते यंत्र दिवसभर घुं घुं करणार. पण तिचं तोंड काही थकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. तर मे महिना, दुपारची वेळ. सोलापुरातला मे म्हणजे फरशीवरही पाय ठेववत नाही. मीटरमधून चट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि यंत्र बंद पडलं. मी वीज कंपनीच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मीटर शिल्लक नाहीत, मॅडम. तक्रार नोंदवलीय. आठवडाभरात होईल." मी म्हटलं, "अहो, आई आठवडाभर श्वास धरून ठेवेल का?" त्यांनी फोन ठेवला.

दवाखान्यातून आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. अण्णा आले, मीटरकडे बघितलं. पहिल्यांदाच "बरं हाय की" म्हणाले नाहीत. मग आईकडे बघितलं. तिचे ओठ काळसर झाले होते.

लक्ष्मक्का म्हणाली, "अण्णा, डायरेक्ट जोडा की तार. कोण बघतंय?"

"डायरेक्ट म्हंजे चोरी," अण्णा म्हणाले. "मीटर पायजेच."

"मग?"

अण्णा पाटावर बसले. मी काही मागितलं नव्हतं. मागायला तोंडच नव्हतं, कारण मीटरवरचं कंपनीचं सील तोडणं म्हणजे काय हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त. मग ते उठले, "मीटर कंपनीचा, वायर तुमची, पण दम अव्वाचा," म्हणाले (माझ्या आईला ते अव्वाच म्हणायचे) आणि बाजारातून नवाकोरा मीटर घेऊन आले. दुकानात मिळतात तसले मीटर. पण तपासून, सील लावून बसवायचा अधिकार कंपनीचाच. अण्णांनी खांबावरून सप्लाय तोडला, पाटावर उभे राहिले, जळका मीटर काढून पिशवीत घालून माझ्या हाती दिला आणि नवा बसवला. यंत्र पुन्हा घुं घुं करू लागलं. त्या आवाजाने मला रडू फुटलं. आई नळीतून म्हणाली, "रडतेस काय, चहा टाक त्याला."

अण्णांनी गाठ मारली, चहा घेतला आणि म्हणाले, "आता कंपनीला लिवून कळवा. जुना जळला, नवा बसवून घेतला म्हणून. लपवायचं न्हाय." मी कळवलं. त्यांचं नाव तेवढं घातलं नाही.

जे पथक जळका मीटर बदलायला येत नव्हतं, ते हा मीटर बघायला दुसऱ्याच दिवशी हजर! तीन माणसं आणि एक साहेब. साहेबांनी विचारलं, "हा कोणी बसवला?"

"मी," आई पलंगावरून म्हणाली.

"आजी, तुम्हाला उठता तरी येतं का?"

"काल येत होतं. मीटर बसवून दमले."

दारातून लक्ष्मक्का पुढे आली. "खोटं बोलत्यात त्या. मी बसवला." तिच्यामागून समोरचे पेन्शनर काका म्हणाले की त्यांनीच बसवला, आणि ते तर बल्ब बदलायलाही अण्णांना बोलवायचे! मला इतक्या भीतीतही हसू आवरेना. अण्णांचं नाव मात्र अख्ख्या गल्लीत कुणी तोंडातून काढलं नाही.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी मीटरखालची गाठ बोटाने चाचपली. मग शेजारी गेले, तिथला बोर्ड बघितला. समोर गेले, तिथला बघितला. परत येऊन म्हणाले, "ही गाठ मारणारा माणूस कुठं राहतो?"

कुणी काही बोलायच्या आत गर्दीतून अण्णाच पुढे आले. "गाठ माजी हाय, साहेब. ह्या लोकांस्नी कायबी इचारू नका. म्हातारीला तर न्हाईच."

"परवाना असून असं केलंत?"

"व्हय. चुकीचंच हाय. उद्या एखाद्या अडाण्यानं आसं केलं तर माणूस मरंल. तुमचं बराबर हाय."

त्यांचा परवाना गेला. पुन्हा आयुष्यात मीटरला हात लावणार नाही, असंही लिहून घेतलं. आमच्याकडे त्याच दुपारी कंपनीचा मीटर बसला. शिल्लक नव्हता म्हणे! मला त्या कंपनीचा इतका संताप आला होता, की आजही आठवलं तरी कान तापतात. अण्णांना मात्र राग नव्हता. ते पूर्वीसारखे यायचे, मान वर करून "बरं हाय की" म्हणायचे, पण हात पाठीमागे बांधलेले. ते बांधलेले हात मला बघवायचे नाहीत. आई त्यानंतर दोन उन्हाळे काढून गेली. त्या दिवशी अण्णांनी ते यंत्र बंद करायचं बटण दाबलं, आणि मग कितीतरी वेळ त्याच्यावर हात ठेवून बसले.

पुढे ते अक्कलकोटजवळच्या खेड्यात लेकीकडे राहायला गेले. गल्ली सुनी झाली. फ्यूज गेला की अजूनही तोंडातून "अण्णांना हाक मार" असंच निघायचं.

एका उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. भर दुपारी ते लिंबाखाली बाजेवर बसून टॉवेलने वारा घेत होते. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. लेक वैतागून म्हणाली, "ताई, तुमीच सांगा ह्यास्नी. मीटर जळलाय, तीन दिस झालं. कंपनीचा माणूस येईना. ह्या माणसानं आख्खी गल्ली जोडून दिली, पण सोताच्या घरात हात लावंना!"

मी त्यांच्याजवळ बसले. "अण्णा, आईसाठी केलंत ना? मग स्वतःसाठी करा की. इथं कोण बघायला येतंय?"

"शब्द दिलाय, ताई."

"कुणाला कळणार आहे?"

ते हसले. "गाठीवरनं कळंल की. मारल्याबिगर माजा हात निगत न्हाय." आणि मग हळूच म्हणाले, "अव्वाची गोष्ट येगळी. तिचा दम जात हुता. माजा काय, नुसता घाम जातोय."

मी निघाले, तर निघणारी मी असून ते बाजेवरूनच म्हणाले, "बर्तीनि." मी वळून बघितलं, हसले, हात हलवला. श्रावणात ते गेल्याचा निरोप आला.

यंदा आमच्या गल्लीत नवे मीटर बसवताहेत. आमच्याकडे आलेला तंत्रज्ञ भराभर स्क्रू काढत होता. जुना मीटर उतरला, आणि खालच्या वायरींवर त्याचा हात थांबला. पक्कड लावून त्याने ती गाठ सोडवायला बघितली. सुटेना.

"मॅडम, सगळ्या गल्लीत हीच गाठ आहे. कुणी मारलीय?"

लक्ष्मक्का दारात उभी होती. सवयीने ती म्हणालीसुद्धा, "मी मारली." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. आता लपवायचं कुणाला? आता कोण कुणाचा परवाना काढून घेणार होतं?

मी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "सिद्धाराम मल्लप्पा. आमचे वायरमन."

तो म्हणाला, "पक्की आहे. राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.