दिवाळीआधीचा संघ

यंदा दसऱ्याला सकाळी आठ वाजता जव्हारच्या कॉलेजच्या मैदानावर फक्की मारत होते. चुन्याचा कोरडा वास घशात उतरला आणि चाळीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

मी तेथे कारकून होतो. खेळाचे साहित्य माझ्या ताब्यात असे. कबड्डीचा नवा संघ नुकताच जाहीर झाला होता. पहिले नाव पोशेऱ्याच्या पाड्यावरच्या काशिनाथचे होते. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर पोरांनी सामन्यांआधीच निकाल लावला होता.

“औंदा ढाल आपलीच, काशा! तुला धरणारा अजून जन्मायचाय.”

काशिनाथने बशीतला चहा संपवला. “सामने कधी हायेत?”

“दिवाळी झाल्यावर.”

“मंग मी नाय. भात झोडून झाला का आमचं समदं घर भिवंडीला, वीटभट्टीवर.”

“थट्टा करतोस काय रे?”

“भट्टीवाल्याला इचारा.”

सगळे हसले. तोही हसला.

तेव्हा मला वाईट वाटले ते ढालीचे. आता दिसते ते वेगळेच. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात, हे टपरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी सर्वांनी त्याला संघात धरले होते.

त्या दुपारी मी त्याच्यासाठी काढलेली जर्सी घडी करून कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.