सातव्या दरवाजाआड कोण होतं?

माझ्या आवाजामुळे आजवर एकही माणूस चुकीच्या गाडीत बसलेला नाही. एकतीस वर्षं मी सातारच्या बाजूच्या स्टँडांवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या. (जे चुकीच्या गाडीत बसले, ते माझं न ऐकता बसले!) ऐकणं ही पुकारण्यापेक्षा अवघड कला आहे, आणि ती माझ्यात औषधालाही नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेही चार पाहुण्यांसमोर आणि चालू माईकवर.

शालन, माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. घरात आता मी आणि फ्रीज. त्यातला फ्रीज जास्त बोलतो. मुलगा अजित पुण्याला असतो. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शनिवार-रविवार रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. बँडचं नाव 'फुटका बंब'. (मी एकदा शेजाऱ्यांना सांगितलं, "पोरगं बंबात आहे." त्यांनी अग्निशामक दलात लागला म्हणून पेढे मागितले!) दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन येतो.

"बाबा, जेवलात?"

"दहा वाजलेत."

"हां. गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं, ठेवतो."

झालं! फोन ठेवला की मी पुढच्या रविवारची वाट बघायला मोकळा.

एका रविवारी मात्र "बरं, ठेवतो" आलंच नाही. अजित म्हणाला, "बाबा, आम्ही अल्बम काढतोय. सात गाणी, पण सातांत मिळून एकच गोष्ट. आईची. मुक्या राजकन्येची."

ही गोष्ट शालनने स्वतःच्या मनाने रचलेली. एका राजाची मुलगी एके दिवशी बोलायची थांबते. तिचा आवाज कुणीतरी चोरून विहिरीखालच्या वाड्यात नेलेला असतो. वाड्याला सात दरवाजे. राजकन्या एकेक दरवाजा उघडत जाते, प्रत्येकाआड कुणीतरी बसलेलं असतं, आणि सातव्याआड असतो आवाज चोरणारा.

"सहा गाणी झाली," अजित म्हणाला, "पण मी नेहमी सहाव्या दरवाजाला झोपायचो. सातव्याआड कोण होतं?"

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी 'हूं' द्यायचा असतो. हूं आला की गोष्ट पुढे सरकते, हूं थांबला की गोष्ट थांबते. अजित लहान, तो ऐकता ऐकता डोळे मिटणार. म्हणून हूं द्यायची ड्यूटी माझ्याकडे होती. रोज शालन गोष्ट सांगायची आणि मी पेपर वाचत हूं म्हणायचो. हूं म्हणायला कान लागत नाहीत, नुसतं नाक पुरतं! अशी मी कित्येक वर्षं नाकाने गोष्ट ऐकली.

"तुम्ही तर शेवटपर्यंत हूं द्यायचात," अजित म्हणाला. "आता तुम्हालाच माहीत असणार."

चार वर्षांत पोराला माझ्याकडून पहिल्यांदा काहीतरी हवं होतं. मी काय सांगणार? "अरे, मला अर्धंसुद्धा माहीत नाही"? छे!

"माहीत आहे की!" मी छाती फुगवून म्हणालो. "पण फोनवर नाही सांगता यायची. इकडे ये."

"येत्या शनिवारी येतो. बँडला घेऊन येतो."

फोन ठेवला आणि छातीतली हवा गेली.

दुसऱ्याच दिवशी मी मलकापूरची गाडी पकडली. तिथे कुसुम राहते, शालनची धाकटी बहीण. बहिणी-बहिणींत गोष्ट फिरली असेल, असा माझा हिशेब.

"आवं दाजी, मला कुटली सांगती ती!" कुसुम म्हणाली. "पण तुमी तर रोज हूं देत हुता न्हवं?"

"हूं."

"बगा! ह्ये आसंच दिलं आसंल!"

मी चहा घेतला आणि तिला बजावलं, "अजितला यातलं काही बोलू नकोस." तिने मान हलवली. कुसुमने मान हलवली म्हणजे कबूल केलं असं नसतं, हे मी तेव्हा विसरलो.

शनिवारी 'फुटका बंब' माझ्या दारात उतरला. अजित, गाणारी मृणाल, आणि ड्रम वाजवणारा सागर. हा सागर सांगलीकडचा. आल्या आल्या माझ्या पाया पडून म्हणाला, "काका, घर लय भारी हाय. आवाज घुमतोय बगा!" (रिकामं घर घुमणारच की, लेका!) मग त्याने कपाटातून शालनने शिवलेल्या वाकळा काढल्या आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमू नये म्हणून दारा-खिडक्यांवर टांगल्या. चार वर्षं घडी न मोडलेल्या वाकळा. खोलीभर तिच्या जुन्या लुगड्यांचे रंग लटकायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाण्याचा तांब्या भरून आलो.

माईक समोर आला आणि माझ्यातला एकतीस वर्षांचा नोकर जागा झाला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मुकी राजकन्या विहिरीतून वाड्याकडे जाण्यासाठी..."

"बाबा!"

"हां, हां. परत घ्या."

परत सुरू केलं. पण मला हूं कोण देणार? मृणाल दरवेळी "ओके" म्हणत होती. ओकेवर गोष्ट पुढे सरकते होय? शेवटी सागर पुढे सरसावला आणि असा दणदणीत हूं द्यायला लागला, की शेजाऱ्यांची म्हैस गोठ्यातून उत्तर द्यायला लागली. सहा दरवाजे अजितच्या गाण्यांत होतेच, ते मी त्याच्याकडूनच ऐकून पाठ केले होते. मग सातवा आला.

अजित कानाला यंत्र लावून पुढे वाकलेला. लहानपणी असाच वाकायचा का, मला आठवेना. मी कधी पेपराच्या वरून बघितलंच नव्हतं.

"राजकन्येने सातवा दरवाजा ढकलला," मी म्हणालो.

"हूं!"

"आणि बघते तर काय..."

"हूं!"

"आत... आठवा दरवाजा!"

सागरने मांडीवर थाप मारली. "आयला! काका, लय भारी!"

मृणाल म्हणाली, "म्हणजे आणखी एक गाणं करावं लागेल. मग आज परत जाणं काही जमत नाही."

आणि तिथेच माझी नियत फिरली! इतका वेळ मी शेवट माहीत नाही म्हणून रडत होतो. आता ध्यानात आलं की शेवट नसणं हीच मोठी सोय आहे. गोष्ट संपली की ही पोरं बॅगा उचलणार. गोष्ट चालू, तोवर मुक्काम चालू! त्या संध्याकाळी मी चार वर्षांनी चार कप चहा टाकला. साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तो पाक निमूट प्यायला आणि मी सगळ्यांकडे बघत बसलो.

रविवारी सकाळपासून मी वाड्याला दरवाजे बसवायचा सपाटाच लावला. आठव्याआड एक आंधळा सुतार. नवव्याआड साप, पण शाकाहारी. दहाव्याआड राक्षस, त्याने राजकन्येकडे पास मागितला. ("कसला पास?" मृणालने विचारलं. "सवलतीचा," मी म्हणालो.) अकराव्यात राजकन्या वाट चुकली आणि मेढामार्गे पाचगणीला निघाली. तिथे तिला स्ट्रॉबेरी लागली आणि...

"बाबा," अजित हळूच म्हणाला, "आईच्या गोष्टीत स्ट्रॉबेरी?"

"होती. तू झोपलेला होतास."

"आईने तर आयुष्यात स्ट्रॉबेरी खाल्ली नव्हती."

"म्हणून तर गोष्टीत घातली!"

वहीत लिहिणारा अजितचा हात थांबला. तेवढ्यात दारावरची वाकळ बाजूला झाली आणि शेंगांच्या पोळ्यांचा डबा घेऊन कुसुम आत आली. पोरांना काहीतरी चांगलंचुंगलं मिळावं म्हणून मीच तिला फोन केला होता. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायला मला कुणाची मदत लागत नाही.

ती दोन मिनिटं उभी राहून ऐकत होती. राजकन्या पाचगणी सोडून पुढे निघाली आणि कुसुमचा बांध फुटला.

"दाजी! थापा मारतायसा व्हय लेकरास्नी? सोमवारी मला इचाराय आला हुता न्हवं, गोष्टीचा शेवट काय म्हणून!"

सागरचा हूं अर्ध्यात अडकला. अजितने कानावरचं यंत्र काढलं. त्याच्याकडे बघायचं धाडस मला होईना, म्हणून मी वाकळेवरच्या एका हिरव्या ठिगळाकडे बघत बोललो.

"मला माहीत नाही रे. मी कधी ऐकलीच नाही. ती सांगायची, मी पेपर वाचायचो. शेवट माहीत नाही म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता. आणि सांगून टाकला असता तर गेला असता. मला एकट्याला करमत नाही. बास."

मग कुसुमने डबा खाली ठेवला आणि पदराने उगाच झाकण पुसत म्हणाली, "शेवट नव्हताच गं बाई त्या गोष्टीला. सोमवारी दाजींच्या तोंडावर सांगवंना मला. अक्का म्हणायची, लेकरू सहाव्या दरवाज्याला झोपतंय, आन् ह्ये हूं म्हणत्यात पर मन भलतीकडंच आसतंय. मग सातवा उघडू कुणासाटी? मी आपली तितंच थांबती."

शालनला सगळं ठाऊक होतं. रोज ती सहा दरवाजे उघडून मिटलेल्या डोळ्यांकडे आणि उभ्या धरलेल्या पेपराकडे बघत थांबायची. आणि मी तिच्या थांबण्यालाही हूं देत होतो. इतकं वाईट मला तिच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. तेव्हा घरात माणसं होती.

समोर माईक होता. माझी जन्माची सवय. समोर माईक असला की मला गप्प राहता येत नाही.

"राजकन्येने सातवा दरवाजा उघडला," मी म्हणालो. "आत एक माणूस पेपर वाचत बसला होता. ती जे बोलेल त्याला हूं म्हणत होता. तिने त्याला विचारलं, माझा आवाज तू चोरलास का? तो म्हणाला, हूं. तिने विचारलं, मी आता काय विचारलं? तेव्हा त्याने पहिल्यांदा पेपर खाली केला. पण तोवर ती निघून गेली होती."

या वेळी सागरनेही हूं दिला नाही. माईकवरचा लाल दिवा तेवढा चालू होता. मृणालने नाक ओढलं, तेही रेकॉर्ड झालं.

कुसुम म्हणाली, "गिळा आता पोळ्या. गार हुत्यात."

आम्ही जेवलो. अजितने माझ्या पानात तूप वाढलं. संध्याकाळी ते गेले. जाताना वाकळा काढू का, सागरने विचारलं. मी म्हटलं, "राहू दे."

अल्बम निघाला. सातव्या गाण्यात एकही वाद्य नाही, नुसता मी. सांगलीला त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सहा गाणी माझ्या छातीवर ड्रम वाजला. (कानात कापूस घालता येतो, छातीत कुठे घालणार?) मग सगळं एकदम थांबलं, अंधार झाला आणि माझा आवाज सुरू झाला. शेजारचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "लाईट गेली वाटतं. स्टँडवरचं ऐकू येतंय!" आजूबाजूची पोरं त्यांना "श्शू" करायला लागली. माझा आवाज ऐकण्यासाठी लोकांनी दुसऱ्या लोकांना गप्प केलं, हे एकतीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

त्यानंतर रविवारचे फोन बदलले. आता अजित "जेवलात?" विचारत नाही. "बाबा, आज आठव्या दरवाजाआड कोण?" म्हणतो. आठवडाभर मी तयारी करतो आणि रविवारी दहाला माझी गोष्ट सुटते ती वेळेवर. अर्धा अर्धा तास चालते. सुतार, साप, राक्षस, सगळ्यांना मी घरं दिली, लग्नं लावून दिली. पलीकडून अजित हूं देत असतो. सुंदर हूं देतो, बरोबर जागेवर.

परवा मात्र त्या हूंच्या मागे बारीक टकटक ऐकू आली. कॉम्प्युटरची बटणं.

मी आवाज न बदलता म्हणालो, "मग त्या राक्षसाने राजकन्येच्या बापाला धरलं आणि मीठ लावून खाल्लं."

"हूं," अजित म्हणाला.

"हाडं तेवढी उरली, ती मेढ्याच्या गाडीत ठेवली."

"हूं."

मी फोन ठेवला नाही. चांगला आणखी वीस मिनिटं बोलत राहिलो. मी कित्येक वर्षं नुसत्या नाकाने ऐकलं, पोराने निदान फोन तरी कानाला लावलाय. पिढी सुधारतेय!