तलावातला खांब

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एका गावाची टिपणं करून आणायची होती. जुनी घरं, मोठी झाडं, पाण्याच्या जागा, आणि प्रत्येक गोष्टीपुढे तिचा उपयोग. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अभ्यासाचं विचारायला घरी कोणी नव्हतं. बाबा रायपूरला रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये होते. माझ्या वह्या ते उघडून पाहत आणि जपून जागेवर ठेवत. पण गाव पाहायला जायचं म्हटल्यावर म्हणाले, "चाल, मी येतो. एवढं तं मलेही जमते."

नव्या रायपूरचे रुंद, रिकामे रस्ते संपले आणि आमची स्कूटर कच्च्या वाटेला लागली. गाव मला पाहताक्षणी आवडलं. मातीच्या भिंती छुहीने, म्हणजे तिथल्या पांढऱ्या मातीने, पोतारलेल्या. खपऱ्यांचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की ओसरीत शिरताना बाबांना वाकावं लागे. ते टेप धरत, मी आकडे लिही. दुसऱ्या घरापर्यंत तर तेच मला हाकू लागले. "उभी काहून राहिली? लिही ना!"

गावाच्या टोकाला तलाव होता. काठावर वड, पाण्यात कमळं आणि मधोमध एक जुना लाकडी खांब, त्यावर खंड्या बसलेला. त्या खांबाच्या उपयोगापाशी मी अडले.

"पाण्याची पातळी पाहाले असन," बाबा म्हणाले. "आमच्या पुलाच्या खांबावर निशाण रायते, तसंच हे. लिही बिनधास्त."

माझ्या अभ्यासात त्यांचं एखादं वाक्य पहिल्यांदाच जात होतं. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी पेनाने, ठळक अक्षरात लिहिलं.

घाटावर कपडे धुणाऱ्या एका काकींनी काय लिहितेस म्हणून विचारलं. खांब पाणी मोजायला आहे, असं मी हिंदीत सांगितलं. त्यांच्या हातातलं लुगडं पाण्यात सुटलं, इतक्या त्या हसल्या.

"नापे बर नोहय बेटी, बिहाव के खंभा आय!"

मोजायला नव्हे, तो लग्नाचा खांब होता. त्यांच्याकडे तलाव खोदला की त्याचं वाजतगाजत लग्न लावतात आणि हा खांब पाण्यात उभा करतात. त्याआधी तलावाचं पाणी पूजेला चालत नाही.

वहीतली चूक तशीच ठेवणं बरोबर नव्हतं, आणि ती बाबांसमोर खोडायला माझा हात होत नव्हता.

"बाबा, दोन्ही लिहिते," मी पुटपुटले.

"दोन्ही काहून? गाव तिचं हाये, मले काय माहीत?" त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं, पट्टी लावली आणि आपलं वाक्य एका सरळ रेघेने खोडलं. मग काकींना विचारलं, "तो दीदी, बारात में कौन-कौन था?"

"जम्मो गाँव! तुही मन भर छूट गेव, भैया."

अख्खं गाव होतं, फक्त तुम्हीच राहिलात, हे ऐकून आता बाबाही मोठ्याने हसले. चपला काढून ते पायरीवर बसले. लाकूड कुठल्या झाडाचं, आणलं कोणी, गाणी कोणती म्हटली, मुलीकडचे कोण झाले, एकामागून एक विचारतच सुटले. काकीही कपडे विसरून सांगू लागल्या.

"हळू ना बाबा, मला लिहू द्या," मी म्हटलं.

"तू लिही," ते म्हणाले, "मी विचारतो."