भुसकटाची भिंत

हिंगोलीच्या उन्हात एसीवाचून चालणारं नाट्यगृह विद्यापीठाच्या आमच्या केंद्रात बांधायचं, हा हट्ट माझाच. मी नाटक शिकवणारा मास्तर. जाड मातीच्या भिंती, उंच झरोके आणि आतून भुसकट घातलेला खडबडीत गिलावा, म्हणजे आवाज घुमणार नाही. तीन वर्षं त्यापायी फायली घेऊन फिरलो. चपला झिजल्या, डोकं पिकलं.

गिलावा केला जवळच्या हट्टा गावच्या एका मावशींनी. पांढरी माती त्यांनी पायानं तुडवली, हातानं थापली. त्यांची लेक माझ्याच वर्गात होती. “पोरगी नाटकातलं पहिलं काम हितंच करंल, अन् मी मागं बसून ऐकीन,” म्हणायच्या.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी वरून फोन आला. पाहुणे येणार, मातीची भिंत बरी दिसते का? ऑइलपेंट मारून घ्या. असल्या फोनवर मी तासतासभर भांडलोय. त्या दिवशी मात्र जीव पार विटला होता. म्हणालो, “मारा बाबा, काय मारायचं ते मारा.” काय होणार ते मला ठाऊक होतं. तरी म्हणालो.

मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या. चकचकीत निळ्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला. मला वाटलं, आता शिव्या देतील. कसलं काय, त्या खूश! “बंगल्यावानी दिसून राहिलं की! तुमचं तोंड काहून उतरलं, सर?”

नाटक सुरू झालं आणि एकेक वाक्य भिंतीवर आपटून परत यायला लागलं. लेक जीव तोडून बोलत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, हार घेतले, गेले. मावशी शेवटच्या रांगेत बसूनच राहिल्या.

“सर, पोरगी काय बोलली? मला एक अक्षर समजलं न्हाई.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगाचं सगळं सांगितलं, मीच हो म्हणालो तेही. त्यांनी निळ्या रंगावर नख ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, “मला तरी इचारायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या लेकीला घेऊन आल्या, हातात खुरपं. परवानगी कुणी काढली नव्हती. काढायचं त्राणही माझ्यात नव्हतं. निळे पोपडे मातीसकट खाली पडायला लागले. हातभर भिंत खरवडली की त्या मंचाकडे वळून ओरडायच्या, “हां, आता बोल गं माय!”

लेक कालचं वाक्य म्हणायची.

“न्हाई. अजून न्हाई.”

मी बाह्या वर केल्या आणि दुसरं खुरपं मागितलं.